जास्तीच्या टेस्टा

३ मार्च, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, एवढा वेळ का लागतो म्हणे. लागणार नाही तर काय? दार लावा, दार उघडा, पुन्हा लावा, पाणी घ्या, पाणी सोडा, मध्येच थांबवा, पुन्हा सुरू करा. कपडे धुण्याचं मशीन आहे का रुसकी सून आहे, कळायला मार्ग नाही. दिवसभर पॅनेलवरची बटणं दाबून माझी बोटं ठणकतात, आणि साहेब काचेपलीकडून विचारतात, बाई, अजून किती?

किती ते मला नका विचारू, त्या भिंतीवरच्या चित्राला विचारा. ड्रॉइंगवाल्याने लावलंय. नुसते गोळे आणि बाण. एका गोळ्यात ‘बंद’, एकात ‘चालू’, मग ‘पाणी भरतंय’, ‘धुतंय’, ‘पिळतंय’, ‘दार अडकलंय’. ह्या गोळ्यातून त्या गोळ्यात जायला बाण. ह्यालाच मॉडेल म्हणतात. कॉम्प्युटर त्या बाणांवरून गावभर हिंडतो आणि जेवढ्या वाटा सापडतील तेवढ्या टेस्टा छापून देतो. हिंडणार तो, कंबर मोडणार माझी. एक फेरी पुरी व्हायच्या आत सॉफ्टवेअरवाले नवीन व्हर्जन घेऊन दारात हजर. की झालं, पुन्हा पहिल्यापासून.

आज मीटिंग झाली. महिनाअखेर मोठं गिऱ्हाईक येणार आहे मशीन बघायला. त्याच्या आत सगळ्या टेस्टांची फेरी एका पाळीत बसली पाहिजे, असं साहेब म्हणाले. खोलीच्या मुख्य बाई ह्याच महिन्यात निवृत्त होतायत. जो टेस्टा कमी करून दाखवेल त्याच्या ताब्यात खोली. म्हणजे असं सरळ म्हणाले नाहीत, पण ‘बघू, कोण करून दाखवतं’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मेवाली माझ्या मागेच उभी होती, पण पाहिलं माझ्याकडेच.

ती लगेच पुढे. डिग्री घेऊन काल आलेली पोर. म्हणे, थोड्याच टेस्टा अशा निवडायच्या की प्रत्येक बाणावरून एकदा तरी चालून झालं पाहिजे. उरलेल्या जास्तीच्या. कॉम्प्युटरकडून करून घेते. अर्धं इंग्रजीत. मी चौथीपर्यंतच शिकले, पण जास्तीचं काय आणि लागणारं काय हे मला कोणी शिकवू नये. आयुष्यभर संसार केलाय.

ठरलं. तिच्या आधी मी करून दाखवणार. तोपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलणार नाही.

४ मार्च, मंगळवार

सकाळी ह्यांना सांगितलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले की टेस्टा कमी झाल्या तर काम कमी होणार नाही का. ह्यांना कामातलं काही कळत नाही.

मग धाकट्या जावेला फोन केला. तिला दुकानात सुपरवायझर केल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. मी खोलीची मुख्य होणार म्हणाले की झाले म्हणाले, आता नीट आठवत नाही. तिने अभिनंदन केलं. ते काय परत करायचं?

चष्मेवालीशी बोलले नाही. फक्त एकदा, ‘स्टूल सरकव’ एवढंच.

५ मार्च, बुधवार

सापडलं. तिसऱ्याच दिवशी.

सगळ्या टेस्टांचं तोंड सारखंच आहे. प्लग लावा, स्विच दाबा, दिवा लागायची वाट बघा, मशीन गुरगुरतं ते थांबू द्या, भाषा निवडा. आणि मग मुद्द्याची गोष्ट. टेस्ट संपली की मशीन बंद करा, प्लग काढा, निवू द्या. पुढच्या टेस्टला पुन्हा तेच. नमनालाच घडाभर तेल. एवढ्या वर्षांत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. शिकलेली माणसं ना.

मी प्रत्येक टेस्टचं तोंड कापून टाकलं. एकदा पहिल्या नंबरच्या टेस्टमध्ये मशीन चालू करायचं, आणि मग ते चालूच ठेवून एकामागून एक उरकायच्या. तिचं स्टार्ट सगळ्यांना चालेल. एकाच चुलीवर सगळ्यांचं.

साहेबांना दाखवलं. वेळ इतका खाली आला की त्यांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

७ मार्च, शुक्रवार

चष्मेवाली आपण होऊन बोलली. मी नाही. म्हणाली, काकू (मी हिची काकू कधीपासून?), प्रत्येक टेस्ट कोऱ्या मशीनवर व्हायला हवी. आधीच्या टेस्टचं काहीतरी मशीनच्या डोक्यात उरतं. मग दिसतं ते खरं की आधीचं, हे कसं कळणार?

आता उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, बाई गं, मी घरी एक भांडं घासून झाल्यावर घराबाहेर जाते का, आणि दुसरं घासायला पुन्हा कुलूप उघडून आत येते का? सगळी खोली हसली. साहेबही हसले. ती चष्मा पुसत बसली. उत्तर नसलं की पुसते.

तिचं अजून गाळणं चाललंय. एक टेस्ट काढते, कुठला बाण उघडा पडला का बघते, पडला तर परत ठेवते. हातात घेतलेलं खाली ठेवायचं, खाली ठेवलेलं हातात घ्यायचं. ह्याला काम म्हणतात.

माझी पद्धत एक घाव दोन तुकडे.

११ मार्च, मंगळवार

अजूनही एका पाळीत बसत नाही. थोडंच उरतं, पण उरतं. आज दिवसभर डोकं चालवलं.

दुपारी जेवताना सुचलं. ज्या राखणदाराने जन्मात चोर धरला नाही त्याला पगार कशाला? ज्या टेस्टमध्ये आजवर एकही चूक सापडली नाही ती टेस्ट काढायची. सरळ हिशोब. जुन्या मुख्य बाईंना विचारून एकेक बघत गेले. काही टेस्टा तर इतक्या निरुपद्रवी की त्या आहेत हेच कुणाला आठवेना.

पहिल्या नंबरची तर सगळ्यांत वाया गेलेली. काय करते? मशीन चालू करते आणि दिवा लागतो का बघते. लागतो. कायमच लागतो. आजवर लागला नाही असं झालंय का? काढली. जुन्या बाई म्हणाल्या, अगं, बाकी सगळ्यांचं तोंड तू तिच्यातच ठेवलंयस ना? मी म्हटलं, मशीन चालूच आहे की. चालू असलेलं आणखी काय चालू करणार? त्या घड्याळ बघून डबा भरायला लागल्या. त्यांचं आता मन लागत नाही कामात.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी ४

बसली! सगळी फेरी एका पाळीत बसली. वर चहाला वेळ उरला.

चष्मेवालीची अजून पाळीच्या बाहेर सांडते. ती म्हणते, अजून थोडं गाळीन पण पाया काढणार नाही. पाया कसला, हे घर बांधतोय का आपण?

एकच गोष्ट डोळ्यांत खुपते. टेस्ट झाली की कॉम्प्युटरवर तो तो बाण हिरवा होतो. सगळे हिरवे झाले की साहेबांच्या केबिनमधल्या पडद्यावर शंभर टक्के येतं. माझे सगळे हिरवे, एक सोडून. ‘बंद’च्या गोळ्यातून ‘चालू’कडे जाणारा. लालभडक. त्याच्यापायी टक्के शंभराच्या आत अडकलेत. दुधात माशी.

त्या बाणावर चालायचं तर मशीन बंद करावं लागेल. बंद केलं की निवू द्या, पुन्हा लावा, गुरगुरू द्या. म्हणजे पाळीच्या बाहेर गेलं. एका बाणासाठी?

चहा मात्र प्यायले. कमावलेला होता.

१७ मार्च, सोमवार

रविवारी ह्यांनी कोथिंबिरीची जुडी आणली. मी देठ काढले. ह्यांनी विचारलं, किती राहिली? मी म्हटलं, राहिली तेवढी सगळी हिरवीगार आहे. आणि तिथेच ट्यूब पेटली.

आज सकाळी ड्रॉइंगवाल्याकडे गेले. गरीब गाय आहे बिचारा, सांगेल ते काढतो, सांगेल ते पुसतो. त्याला म्हटलं, दादा, आमच्या खोलीतलं मशीन बंद होतच नाही, मग तो ‘बंद’चा गोळा आणि त्याचा बाण चित्रात ठेवून काय उपयोग? चित्र कसं, आहे तसं पाहिजे. त्याने मान खाजवली. साहेबांना माहीत आहे का ताई, म्हणाला. मी म्हटलं, साहेबांनीच सांगितलंय. सांगितलं नव्हतं, पण विचारलं असतं तर सांगितलंच असतं.

पुसला. एका मिनिटात. पडद्यावर शंभर.

ज्यासाठी ती पोर दोन आठवडे डोळे फोडतेय ते मी देठासारखं खुडून टाकलं.

१९ मार्च, बुधवार

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की गिऱ्हाइकाच्या आधीची फेरी बाईंच्या, म्हणजे माझ्या, टेस्टांवर होईल. कमी वेळ, शंभर टक्के. चष्मेवालीने हात वर करून विचारलं की बाईंच्या मॉडेलमध्ये सुरुवात कुठून होते. साहेब म्हणाले, तू तुझं बघ.

तिच्याकडे बघून हसले नाही. मोठेपणा आला की असं वागावं लागतं. आतापासून सवय.

जावेचा फोन. पेढे कधी, म्हणाली. मी म्हटलं, ऑफिसचं सगळं रीतसर होऊ दे.

२१ मार्च, शुक्रवार

मुख्य बाईंच्या खुर्चीत बसून बघितलं. त्या जेवायला गेल्या होत्या. पाठीला आधार आहे, खाली चाकं आहेत. एवढी वर्षं त्या मशीनपुढे उभी राहून पायाच्या शिरा निळ्या झाल्या माझ्या. मला कुणाची दया नको. खुर्ची पाहिजे.

मुख्य झाल्यावर करायचं: भिंतीवरचं चित्र खाली लावायचं, मान दुखते. चष्मेवालीला स्टूल द्यायचं. मी वाईट नाही.

२४ मार्च, सोमवार

नवीन व्हर्जन आलं. सॉफ्टवेअरवाल्याने लॅपटॉप जोडून चालू मशीनमध्येच घातलं, क्षणभर दिवे लुकलुकले की झालं. माझी फेरी लावली. एकूण एक हिरवं. साहेबांना जाऊन सांगितलं, खुशाल बोलवा. तेच व्हर्जन घातलेलं कोरं मशीन उद्या मीटिंग रूममध्ये जाईल.

नवी साडी काढून ठेवली. इस्त्री केली. ह्यांनी विचारलं, कुणाचं लग्न?

२६ मार्च, बुधवार, सकाळी ७

आजचा दिवस माझा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मीटिंग रूमच्या प्लगमध्येच खोट असणार. भिंत ओली असते तिथली.

झालं ते असं. गिऱ्हाइकाकडची एक बाई आणि दोन माणसं. बाईने नमुन्याचे मळके कपडे स्वतः आणले होते, हातात घेऊन उभी. साहेबांनी भाषण केलं, मग प्लग लावला, स्विच दाबला. मशीनने कट्‌कन दार अडकवून घेतलं आणि रिकामा ड्रम पिळायला लागलं. आत एक रुमाल नाही, आणि हे आपलं जोरजोरात पिळतंय. पॅनेलवर ‘दार उघडू नका’. साहेबांनी सगळी बटणं दाबली. थांबेना. प्लग ओढला, पुन्हा लावला. पुन्हा दार बंद, पुन्हा कोरडं पिळणं. बाई कपडे ह्या हातातून त्या हातात घेत विचारत होती, सगळी मशीनं अशीच आहेत का?

मी प्रसंग सावरायला पुढे झाले. म्हटलं, साहेब, आमच्या खोलीतलं मशीन उत्तम चालतंय, तेच आणू या, फक्त प्लग काढू नका, लांब वायर लावून तसंच ढकलत आणू. माझ्या मते हाच मार्ग होता. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वायर आणायला गेलेच नाही.

ती माणसं चहा न घेता गेली. कपडे मळकेच घेऊन.

जावेचा फोन आला होता. उचलला नाही. हात ओले होते.

२७ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. ड्रॉइंगवाला आधीच उभा, मान खाली. पुसलं कोणी? तो म्हणाला, ताईंनी सांगितलं, तुमचं नाव घेतलं. आता असल्या माणसाला गरीब गाय म्हणायचं का?

मी सगळं नीट समजावून सांगितलं. तोंड कापण्याची पद्धत, राखणदाराची पद्धत, देठाची पद्धत. तिन्ही माझ्या, आणि तिन्ही एकेकट्या बघितल्या तर बिनचूक. साहेब ऐकत होते. मग हळूच म्हणाले, “बाई, मशीन तुम्ही एकदाही बंद केलं नाही, तर ते सुरू होतं हे तुम्हाला कळलं कसं?”

मी म्हटलं, चालूच होतं ना साहेब. दिसत होतं.

ते काचेबाहेर बघत राहिले. आमच्या खोलीतलं मशीन तिथून दिसतं. त्याचा दिवा लागलेला होता, हे मी त्यांना दाखवलं.

नंतर चष्मेवालीने आमचं ते मशीन बंद केलं. पुन्हा लावलं. कट्‌. कोरडं पिळायला लागलं. तिने वहीत लिहून घेतलं. मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

ही चूक सॉफ्टवेअरवाल्यांची आहे. लिहिली त्यांनी, सापडली नाही म्हणून गुन्हेगार मी. चोर सोडून संन्याशाला सुळी.

२८ मार्च, शुक्रवार

चष्मेवाली मुख्य.

तिच्या टेस्टा लागू. पुसलेला गोळा परत आला, बाण परत आला. शेवटी तिचीही फेरी एका पाळीत बसली म्हणे, कालच, काहीतरी अजून गाळून. दोन टेस्टा जिथे त्याच बाणांवरून जातात तिथे लहान ती ठेवली. गिऱ्हाईक पुन्हा यायला तयार झालंय, तीच दाखवणार.

हे मीही केलं असतं. मला वेळ मिळाला नाही.

मी साहेबांना विचारलं, आता माझं काय? पूर्वी मी आणि चष्मेवाली दोघी मिळून बटणं दाबायचो, काम संपत नव्हतं. आता एकीची एक पाळी पुरते. साहेब म्हणाले, “खोलीत दोन माणसं लागतील का, ते आता मॅडम ठरवतील.”

मॅडम म्हणजे कोण हे कळायला मला जरा वेळ लागला.

घरी सांगितलं नाही. ह्यांनी मागे पेपरमधून काय विचारलं होतं ते त्यांना आठवत नसावं. मी आठवण करून देणार नाही.

३१ मार्च, सोमवार

तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. खुर्चीत बसली होती, बस म्हणाली. कशावर? तर तिने स्टूल पुढे केलं. मी उभीच राहिले. मग पाय दुखले म्हणून बसले.

मी विचारलं, मी राहायचं का? चष्मा पुसत म्हणाली, काकू, बघते. कधी? बघते ना. शुक्रवारपासून बघतेय म्हणे. मशीनला एका दिवसात पारखते आणि माणसाला किती दिवस? जावेने रविवारी पेढे मागितले, मी तिला साखर वाढली असल्याचं सांगितलं. तिची की माझी, ते तिने विचारलं नाही. असं किती दिवस चालणार?

आधी वाटलं होतं, साहेबांना बजावायचं की खोली माझी होती, परत द्या. मग ठरवलं, निदान अर्धी द्या. मग, मुख्य नको पण खुर्ची द्या. मग, खुर्ची राहू द्या, पण ड्रॉइंगवाल्याने माफी मागावी. घरी येईपर्यंत यातलं एकेक गळत गेलं. उरलं ते उद्या सकाळी तिच्या टेबलावर ठेवणार आहे. पुढच्या पानावर लिहून फाडून घेईन, म्हणून आधी इथे कच्चं:

मॅडम,

काही टेस्टा काढल्या, त्यात माझी चूक झाली असं तुम्ही म्हणता. असेल. त्यावर आत्ता वाद नको. मला बटणं दाबता येतात, उभं राहता येतं, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा मशीन बंद करून पुन्हा लावीन, मधे निवू देईन, घाई करणार नाही. लागणारं माणूस आहे का जास्तीचं, हे तुम्ही ठरवा. पण ठरवा. ‘बघते’ चालणार नाही. शुक्रवारी पाळी सुटायच्या आत मला सांगा, सोमवारी मी यायचं की नाही.